खायचा सोडा आणि बाचं मडकं

लहानपणी मला जाग यायची ती थापीच्या आवाजाने. बा अंगणातल्या आंब्याखाली मांडी घालून बसायचा, डाव्या हाताने मडक्याच्या आत गोल दगड धरायचा आणि उजव्या हातातली लाकडी थापी बाहेरून मारायचा. थप, थप, मग जरा थांबून पुन्हा थप. चाकावरून उतरलेलं जाड, बसकं मडकं त्या थापांनी हळूहळू फुगत जायचं. थंडीत आमच्याकडे सकाळी धुकं इतकं उतरतं, की आंबाही दिसायचा नाही आणि बाही दिसायचा नाही. नुसता आवाज यायचा. गोधडीतून मला वाटायचं, धुकंच कुणीतरी थापटून थापटून गोल करतंय. आई चुलीपाशी नाचणीची भाकर थापत असायची, म्हणजे आत एक थाप आणि बाहेर एक थाप. बाच्या थापेचा आवाज बारीक झाला की मडक्याची भिंत पुरेशी पातळ झाली, हे आईला आत बसून कळायचं. ती भाकर उलटता उलटता म्हणायची, "आता पुरं, नायतर हसंल." आमच्या घरात मडकं फुटलं असं कधी म्हणत नसत. मडकं हसलं म्हणायचं. चार घरी जाऊन मी 'फुटलं' म्हणायला शिकले तेव्हा बाने माझ्याशी दिवसभर अबोला धरला होता.

पाड्यावर कुंभाराचं घर आमचं एकच. बाकी सगळे भातनाचणीवाले, शेतीचं काम संपलं की मजुरीला खाली ठाण्याकडे उतरणारे. माती दाभोशाच्या नदीची, वळणाखालून आणलेली, लालभडक. वर्षातून चार-पाच वेळा बा आवा लावायचा. खाली शेण्या, वर मडकी, त्यावर पेंढा, राख, आणि मग आईने हळदकुंकू वाहून एका कडेने विस्तव द्यायचा. आवा नवराबायकोने मिळून लावायचा आणि भरलेला लावायचा, ही आमची रीत. एका मडक्यासाठी आवा लावत नाहीत. ही रीत कुणी घातली ते मला ठाऊक नाही. पण पुढे तिच्यापायी जे झालं, ते लिहायलाच मी आज बसले आहे.

मी दहावीला गणितात आपटले, त्याच वर्षी बाच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी एक मडकं थापटून त्याने उन्हात ठेवलं, दुसऱ्याला हात घालणार तर थापी हातातून गळली. तो ती उचलायला वाकला तो तसाच कलंडला. जव्हारच्या दवाखान्यातून परत आला तेव्हा पाय जरा ओढत चालायचा, बोलणं एका बाजूने सांडायचं, आणि उजवा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. डावा हात शाबूत होता. पण नुसत्या डाव्या हाताने मडकं होत नाही. चाक अंगणात तसंच राहिलं आणि त्याच्या खळग्यात कोंबडी बसायला लागली.

ते शेवटचं मडकं मात्र कच्चंच राहिलं. एकासाठी आवा कसा लावणार? आईने चुलीवरच्या माळ्यावर एक चुंबळ ठेवली, तीच, जी डोक्यावर ठेवून ती मातीच्या पाट्या वाहायची, आणि त्या चुंबळीवर मडकं बसवलं. तिथे चुलीची ऊब लागायची, म्हणून ते पावसात सर्द होत नसे. कच्च्या मडक्याला पाणी लागलं की त्याची पुन्हा माती होते. दोन पावसाळे आईने ते सांभाळलं. आठ दिवसांनी ते थोडं फिरवायची, म्हणजे सगळ्या अंगाला ऊब मिळावी. बा खाली बाजेवर पडून वर बघत राहायचा. एकदा मी पेज भरवत होते तर म्हणाला, "पारू, मरायच्या आधी तेवढं भाजायला पायजे गं." मला त्या वयात रडू पटकन यायचं नाही, राग यायचा. मला आव्याचाच राग आला.

त्याच सुमाराला ताई आली. ती नाशिककडची, मातीकाम शिकलेली, केस बारीक कापलेले आणि नखांत आमच्यासारखीच माती. गावाने तिला उतारावरची पडीक जागा दिली आणि तिने पाड्यावरच्या बायाबापड्यांना जमवून विटांची एक लाकडावरची भट्टी बांधली. कमानीची, पाठीला उंच धुराडं, पुढे लाकूड घालायची दोन तोंडं. भट्टी कुणा एकाची नव्हती. ज्याची मडकी आत जातील त्याने काटक्यांच्या मोळ्या आणायच्या, आळीपाळीने आग धरायची. गळून पडलेलं लाकूड, छाटलेल्या आंब्याच्या फांद्या आणि वाळलेली कारवी एवढंच चालायचं, उभ्या झाडाला हात लावायचा नाही. पांढुरकी माती बाहेरून ट्रकने यायची. बायका तिच्या बरण्या, वाडगे, सट करायच्या, आणि भट्टी पार तापली की आत सोडा टाकायचा. त्याची वाफ होऊन ज्वाळेबरोबर मडक्यांवरून फिरायची आणि मातीवर काच धरायची. बाजारातल्या लोणच्याच्या बरणीला असते तशी. ताईने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. मी आणि भागीआत्या तीन किलो खायचा सोडा आणायला जव्हारला गेलो, तर वाणी म्हणाला, "एवढी भजी कुणाच्या लग्नात तळताय?" भागीआत्या म्हणाली, "मडक्यांच्या." भागीआत्या म्हणजे आमच्या शेजारची, नात्याने कुणी नाही, पण तोंडाने सगळ्यांची आत्या. तिने जन्मात पहिल्यांदा मातीला हात लावला होता आणि पहिल्याच महिन्यात ती बाला सल्ले द्यायला लागली होती.

मी तिथे रमले. भाताचं तूस आणि पांढरी माती मळून बोराएवढ्या गोळ्या करायच्या, त्या प्रत्येक मडक्याच्या बुडाशी लावायच्या, नाहीतर काच मडक्याला लादीशी, म्हणजे भट्टीत मडकी ठेवायच्या दगडी फळीशी, चिकटवून टाकते. हे काम माझं. आज माझी पन्नाशी उलटली, भट्टी आता माझ्याच माथी आहे, पुण्यामुंबईहून पोरं मोबाईल घेऊन ज्वाळांचे व्हिडिओ काढायला येतात, पण गोळ्या वळायला बसले की अजून मला तीच तंद्री लागते. तळहातावर गोळी फिरते आणि मी सतरा वर्षांची होते.

ताईची एक गोष्ट अगदी कडक होती. लाल माती भट्टीत नाही. "ही आग फार मोठी आहे, ती माती हिला सोसणार नाही," असं तिने सगळ्यांना बसवून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण मी कुंभाराची पोर. मला मनातून हसूच आलं. आगीने माती पक्की होते, हे आमच्या घरात बोलायला शिकण्याआधी शिकतात. कमी भाजलं ते ठिसूळ, जास्त भाजलं ते टणक. मग सगळ्यांत मोठ्या आगीत सगळ्यांत पक्कं व्हायला नको? आणि माझ्या बापाने थापटलेलं मडकं काल शिकलेल्या भागीआत्याच्या बरणीपेक्षा कच्चं ठरेल, हे मला मान्यच नव्हतं. ताईला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून मी विचारलं नाही.

भट्टी भरायच्या दिवशी आई पोशेऱ्याला माहेरी गेली होती. बा बाजेवर झोपला होता. मी माळ्यावरून मडकं उतरवलं. ते इतकं हलकं होतं की मी दचकलेच, दोन वर्षांत त्यातला पाण्याचा अंश न अंश उडून गेला होता. चुंबळ तिथेच राहिली. ओढणीत गुंडाळून मी ते भट्टीपाशी नेलं, मागच्या बाजूला बसून त्यावर पातळ कालवलेली पांढरी माती फडक्याने फिरवली. बघता बघता ते सगळ्यांसारखं पांढुरकं झालं. ताई आत वाकून लाद्या रचत होती, मी बाहेरून एकेक वस्तू हातात देत होते. वरच्या लादीवर, अगदी पुढे, जिथे ज्वाळ पहिली येते आणि सोडा सगळ्यांत जास्त बसतो, तिथे एक जागा राहिली होती. त्या जागेच्या बरोबर खाली भागीआत्याची मोठी बरणी होती, लेकीला सासरी द्यायची म्हणून तिने महिनाभर खपून केलेली. मी मडकं पुढे केलं. ताई म्हणाली, "हे कुणाचं? छान आहे गं, केवढं पातळ." मी म्हटलं, "आमच्या घरचं." खोटं काही बोलले नव्हते.

संध्याकाळपासून तोंडाशी नुसते निखारे ठेवले होते, पहाटे खरी आग धरली. मी घरी जाऊन बाला पेज दिली आणि मला काही राहवेना. सांगून टाकलं. "बा, तुझं मडकं भट्टीत ठेवलंय. भाजून निघतंय आज." त्याने आधी माळ्याकडे पाहिलं. तिथे रिकामी चुंबळ होती. त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसायला लागली, आणि मग मधेच थांबली.

"आग कशी हाय तिची?" त्याने विचारलं. "लाल का पांढरी?"

"पांढरी," मी मोठ्या दिमाखात म्हटलं. "डोळा ठरत नाय, इतकी."

त्याने डाव्या हाताने वाटी जवळ ओढली. मग म्हणाला, "बरं." आणि वाटीतली पेज शेवटपर्यंत प्यायला. आज मला कळतं, त्याला त्या क्षणी सगळं कळलं होतं. आव्यात एखाद्या बाजूला वारा लागून आग भडकली की तिथल्या मडक्यांचा काळा गोळा होतो, हे त्याने कितीदा पाहिलं असेल. माझ्या जन्मानंतर त्याच्या आव्यात तसं कधी झालं नाही, म्हणून मला ते ठाऊक नव्हतं. मी तेव्हा त्याच्या 'बरं'चा अर्थ आशीर्वाद असा घेतला आणि उड्या मारत उताराला लागले.

तो दिवस मला अजूनही जागेपणी पडलेल्या स्वप्नासारखा आठवतो. कोवळ्या उन्हात धूर धुक्यात मिसळून गेला होता आणि माणसं कमरेपासून वरच दिसत होती. भट्टी श्वास घ्यायची. कारवीची मोळी आत गेली की ती हुंकारायची, धुराड्याच्या टोकाला ज्वाळेची जीभ दिसायची, मग हळूहळू श्वास आत ओढून गप्प व्हायची, आणि कुणीतरी म्हणायचं, "मागतेय बघ." की पुन्हा मोळी. बायकांनी दुपारी तिथेच भाकरी आणल्या, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, कुणाकडे थोडी सुकट. भट्टीच्या उष्ण विटेवर भाकर टेकवून गरम करायची आणि धुराचा वास लागलेली ती खायची. सूर्यमाळेकडून आलेली एक म्हातारी अंगणातल्यासारखी गुणगुणत होती, शब्द कुणालाच कळत नव्हते, पण आग धरणाऱ्यांचे हात त्याच चालीवर हलायला लागले होते.

दिवस कलायला लागला तेव्हा ताई म्हणाली, आता. ओल्या लाकडी भुशात सोडा कालवून आम्ही त्याच्या वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या होत्या. एकेक पुडी तोंडातून आत टाकायची. तडतड आवाज व्हायचा आणि सगळ्या फटींतून पांढरी वाफ निघायची. दर थोड्या वेळाने ताई विटेएवढ्या झरोक्यातून लोखंडी सळई घालून काच किती धरली ते बघायला आत ठेवलेली मातीची एकेक बांगडी ओढून काढायची. पहिली बांगडी कोरडी होती. तिसरीवर संत्र्याच्या सालीसारखी चकाकी धरली होती. बायकांनी ती हातोहात फिरवली, थंड झाल्यावर भागीआत्याने ती हातात घालून बघितली आणि म्हणाली, "लेकीला सोनं नाय, पण बरणीला झालं."

मी काळा चष्मा लावून झरोक्याला डोळा लावला. आत काहीच वेगळं उरलं नव्हतं. लाद्या, वाडगे, बरण्या सगळं एकाच पांढऱ्या उजेडाचं झालं होतं, कुठे कड होती तर ती हलत होती, पाण्याखालच्यासारखी. मी वरच्या लादीवर माझ्या बाचं मडकं शोधलं. ते दिसलं. आणि मला वाटलं, ते मान खाली घालतंय. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मडक्याचा काठ, जो बा ओल्या चिंधीने शेवटी फिरवायचा, तो एका बाजूला झुकला होता, डुलकी लागलेल्या माणसासारखा. "झालं बघून?" मागून ताई म्हणाली. मी बाजूला झाले. पुढची पुडी माझ्याच हातात होती. ती मी टाकली.

नंतर तीन दिवस भट्टी निवत ठेवतात, दार उघडत नाहीत. त्या तीन दिवसांत मी जेवले असेन, झोपले असेन, मला आठवत नाही. आई परत आली, माळा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि चुलीला लागली. बाने तिला पेटीतला धुतलेला सदरा काढायला सांगितलं. मी त्याला सांगायला हवं होतं की ते झुकलं आहे. जीभ उचललीच नाही. आपण आपल्या बापाचं शेवटचं काम आपल्या हाताने संपवलं, हे ओझं त्या वयात कुणाला सांगतात, मला माहीत नव्हतं.

चौथ्या सकाळी बा आईच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत उतारापर्यंत आला. लोकांनी त्याला विटांच्या ढिगावर बसवलं. ताईने दाराच्या विटा एकेक करून काढल्या. मागचे वाडगे, सट, सगळं सुरेख निघालं होतं, ज्या बाजूला ज्वाळ लागली तिथे चमकदार, पाठीकडे मंद. मग ताईने वर पाहिलं. वरच्या लादीवर मडकं नव्हतं. तिथे एक काळपट तळं साचलं होतं, लादीच्या कडेवरून ओघळलेलं, आणि तो ओघळ खाली भागीआत्याच्या बरणीच्या खांद्यावरून पोटापर्यंत आला होता, काकवी सांडावी तसा.

"हे कुणी ठेवलं?" ताईचा आवाज चढला नव्हता, पण तिचे ओठ पांढरे झाले होते. ती लादी फार लांबून आणलेली होती.

"मी," मी म्हटलं. "बाचं हाय. लाल मातीचं. मीच वरून पांढरं लावलं."

मी बाच्याकडे वळले. त्याने शांतपणे विचारलं, "हसलं का?"

"हसलं नाय, बा," मी म्हटलं, आणि तिथे मला रडू फुटलं. "वाहून गेलं. सगळं वाहून गेलं."

"बरणी दाव अठं," तो म्हणाला.

ताईने बरणी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने डाव्या हाताच्या बोटाच्या पेराने ती वाजवली आणि डोळे मिटून कान दिला. घंटेसारखा नाद निघाला. मग तो वाकला आणि त्या काळपट ओघळाला जीभ लावली. कुंभार असंच तपासतात. कमी भाजलेली माती जिभेला धरते. ही धरली नाही. त्याने बोट फिरवलं, वरून खाली, जिथे ओघळ संपला होता तिथपर्यंत, आणि पुन्हा वर.

"पक्कं भाजलं," तो म्हणाला. "माझ्या जन्मात एवढं पक्कं नव्हतं भाजलं."

मग त्याने हात बरणीच्या आत घातला आणि कपाळाला आठी पडली. सोड्याची वाफ बाहेरून फिरते, अरुंद तोंडाच्या बरणीत ती शिरत नाही. आतून बरण्या खरखरीत राहायच्या, आणि त्यासाठी ताई लांबून कसलीशी भुकटी मागवायची, तीही नीट धरायची नाही. बाने ताईकडे पाहिलं. "आतून कोरडी हाय गं बाय ही. माझी माती पाण्यात पातळ करून आतून फिरव. लाव आणि भाज. आतूनपण काच धरंल."

ताई खाली बसली. तिने त्या ओघळावर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाली, "फिरवायचं कसं, बाबा? जाडपातळ झालं तर ओघळेल."

"मी फिरवतो ना," बा म्हणाला, आणि डावा हात वर करून दाखवला. मी त्या हाताकडे बघत राहिले. दोन वर्षं आम्ही सगळे त्याच्या गेलेल्या उजव्या हाताचंच दुःख करत होतो. आणि डावा हात तर जन्मभर मडक्याच्या आतच राबला होता. मडक्याची आतली बाजू त्याच्याइतकी कुणाला माहीत असणार?

भागीआत्याने बरणी परत घेतली नाही. "लेकीला दुसरी करीन," ती म्हणाली. "हिच्यावर तुमचा माणूस बसलाय, मी कुठं नेऊ?" ती बरणी आज माझ्या ओट्यावर आहे, खुरासणीची चटणी तिच्यात राहते. बा त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि पाड्यावरच्या प्रत्येक बरणीच्या आत त्याचा हात फिरला. लादीचं मी नंतर ताईला विचारलं, तर म्हणाली, "असू दे." पण वर्षभर गोळ्या वळायचं काम तिने मला एकटीलाच दिलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. बाने चाकाच्या खळग्यातल्या कोंबडीला काठीने उठवलं आणि म्हणाला, "दोन पाट्या माती लागंल. वळणाखालची." मी पाटी शोधायला लागले तर आई म्हणाली, "तू ऱ्हा. मी जाते." तिने माळ्यावर हात घातला, दोन वर्षांनी ती चुंबळ खाली काढली, दारात जाऊन तिच्यावरची धूळ झटकली, डोक्यावर ठेवली, आणि नदीकडे निघाली.